डब्याचं तोंड बघू नका, पाठ बघा



या पानावर मी पेरा, पाणी, खत, रोगराई यांच्या नोंदी टाकतो. आजची नोंद बांधाच्या पलीकडची आहे, पण माल आपलाच आहे. विषय आहे बटर. दुधाचं नाही, दाण्याचं. शेंगदाण्याचं आणि बदामाचं. शहरातली पोरं पावाला, पोळीला, केळ्याला लावून रोज खातात. आता तालुक्याच्या व्यायामशाळेतली आपली पोरंबी खायला लागलीत. भुईमूग करतो म्हणून मला विचारतात, "काका, रोज खायला कुठलं चांगलं?"

उत्तर सरळ आहे आणि भांडायची तयारी ठेवून देतोय. ज्या डब्यात नुसते दाणे आहेत, फार तर चिमूटभर मीठ आहे, तेच बटर. बाकीची सगळी दाण्याची चव दिलेली मिठाई. आणि रोजच्या खाण्याला बदामाचंच पाहिजे हे खूळ डोक्यातनं काढा. भुईमूग पुरतो. नुसता पुरतो असं नाही, चांगला पुरतो.

आता एकेक मुद्दा घेऊ.

डब्याचं तोंड काय बोलतं

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, "कोलेस्टेरॉल नाही". अहो, कोलेस्टेरॉल जनावराच्या चरबीत, दुधात, अंड्यात असतं. झाडाच्या दाण्यात ते कधीच नव्हतं. उद्या मी माझ्या ज्वारीच्या पोत्यावर "यात हाडं नाहीत" असं लिहिलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. दुसरं असतं "ग्लूटेन नाही". ते गव्हात असतं, शेंगदाण्यात कुठनं येणार? तिसरं असतं "प्रोटीनचा खजिना". शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतातच. ती कंपनीनं घातलेली नाहीत, ती मुळावरच्या गाठींनी आणि मातीनं दिलेली आहेत.

चौथी गंमत गुळाची. "साखर नाही, गूळ आहे." गुळाला माझा विरोध नाही, मी रोज खातो. पण गूळ म्हणजे गोडच. शेंगदाणा-गूळ खायचा असेल तर हातात गुळाचा खडा घ्या, मूठभर दाणे घ्या नि खा. किती गूळ पोटात गेला ते तरी दिसतं. डब्यात कालवलेला दिसत नाही.

पाठ काय बोलते

डबा उलटा करा. बारीक अक्षरात घटकांची यादी असते. चष्मा लागला तर लावा, पण वाचा. आपल्याकडं नियम असा आहे की ज्याचं वजन जास्त ते नाव आधी, कमी ते नंतर. त्यामुळं यादीचा क्रमच सगळं सांगतो.

चांगल्या डब्याची यादी एका ओळीत संपते. "भाजलेले शेंगदाणे." किंवा "भाजलेले बदाम." मीठ असलं तर चालेल. पण दाणे, मग साखर, मग वनस्पती तेल किंवा पामतेल, मग स्थिरक म्हणून ४७१ असा एखादा आकडा, मग मीठ अशी यादी लांबत गेली की समजायचं, दाण्याच्या पैशात दुसरंच काही विकत घेतोय. चॉकलेटच्या चवीचा डबा तर बघूच नका. त्यात दाण्याचं प्रमाण आणखी खाली येतं.

नाव पण नीट बघा. "बटर" आणि "स्प्रेड" यात फरक असतो. पुढं बदामाचं चित्र काढून मागं पहिला घटक शेंगदाणे नाहीतर साखर, असे डबे मी स्वतः हातात घेऊन पाहिलेत. शेंगदाणा असण्यात वाईट काही नाही, पण मग भाव बदामाचा कशाला?

पोषणाच्या तक्त्यात "वरून घातलेली साखर" असा वेगळा रकाना असतो. तिथं शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅम लिहिलं असेल तर दोन मोठे चमचे म्हणजे तीस ग्रॅम बटर खाल्लं की साडेचार ग्रॅम साखर, म्हणजे चहाचा एक चमचा. लेकराला डब्यात पोळी-बटर दिलं म्हणून आई निर्धास्त असते, आणि पोर रोज चमचाभर साखर जास्तीची खातंय.

वर तेल आलं म्हणून बोंब

इथं मला राग येतो. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बायका शेंगदाणा बटर करतात. दाणे भाजायचे, सालं काढायची, निवडायचे, दळायचे, बरणीत भरायचं. दुसरं काही घालत नाहीत. शहरातल्या एका दुकानानं त्यांच्या बरण्या परत पाठवल्या. कारण काय, तर वर तेल आलंय, गिऱ्हाईक म्हणतं माल खराब आहे. गटातल्या वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, साखर नि पामतेल घालायला आम्हाला काय जड आहे? उलट स्वस्तात पडतं. पण मग आमच्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?"

मंडळी, सोलापूरची शेंगाचटणी खाल्लीय ना? उखळात कुटता कुटता तिला तेल सुटतं. कोरडी चटणी कोणी पुढं केली तर सोलापूरचा माणूस तोंड वाकडं करेल. चटणीला तेल सुटलं तर आपण वाहवा म्हणतो, आणि बटरवर बोटभर तेल दिसलं की दुकानदाराशी भांडतो. दाण्याचं निम्मं वजन तेलाचंच असतं. दळल्यावर ते मोकळं होतं, दाण्याचा गाळ खाली बसतो, तेल वर येतं. चमच्यानं हलवलं की परत एकजीव. न हलवता कोरडंठाक, एकसारखं, आइस्क्रीमसारखं राहतंय तर त्यात काहीतरी घातलंय म्हणून राहतंय.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात जोसेफ रोझफील्ड नावाच्या माणसानं ती काढली. थोडं तेल हायड्रोजनेट करून, म्हणजे वनस्पती तुपासारखं घट्ट करून, बटरमध्ये मिसळायचं, म्हणजे वर तेल येत नाही आणि माल महिनोन्महिने कपाटात टिकतो. दुकानदाराची सोय झाली, कंपनीचा माल लांबवर जाऊ लागला. खाणाऱ्याला काय मिळालं? न हलवण्याची सोय. तेवढंच.

मग त्यात भेसळीची हद्द कुठपर्यंत, यावर तिकडं मोठं भांडण झालं. १९५९ साली तिथल्या सरकारी अन्न खात्यानं ठरवायला घेतलं की पीनट बटर म्हणवून घ्यायचं तर ९५ टक्के शेंगदाणे पाहिजेत. कंपन्या म्हणाल्या ८७ पुरे. आठ टक्क्यांसाठी वर्षानुवर्षं सुनावण्या आणि कोर्टकचेरी. रूथ डेसमंड नावाची एक गृहिणी आपल्या संघटनेच्या वतीनं सुनावण्यांना जाऊन बसायची आणि साध्या बाईचा प्रश्न विचारायची. शेवटी १९७१ मध्ये ९० टक्क्यांवर मिटलं. बारा वर्षं! टक्का-दोन टक्क्यांत किती पैसा असतो ते यावरनं ओळखा.

खरं तेच बोलायचं म्हणून हेही सांगतो. आज आपल्याकडं ट्रान्स फॅटवर मर्यादा आहे, जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात आणि ते वापरून केलेल्या पदार्थांत दोन टक्क्यांच्या आत. त्यामुळं डब्यातलं घट्ट तेल म्हणजे जहाल विष असं मी म्हणणार नाही. पण पामतेलातली निम्मी चरबी साजूक तुपासारखी गोठणारी असते, शेंगदाणा तेलात ती पाचव्या हिश्श्याच्या आत असते. चांगलं तेल दाण्यात आयतं असताना वरून परदेशातनं आणलेलं घालायचं, आणि त्याचे पैसे खाणाऱ्यानं द्यायचे, हा कुठला न्याय?

साधा हिशेब

बटर करताना त्यात पाणी पडत नाही. एक किलो दाण्यांचं साधारण एक किलोच बटर होतं, साल आणि भाजणीची घट सोडून. म्हणून दुकानात जाताना एवढं करा. सुट्या बदामाचा भाव विचारा. मग बदाम बटरचा किलोचा भाव काढा. बटर बदामापेक्षा स्वस्त असेल तर थांबा. कारखाना, वीज, बरणी, वाहतूक, दुकानदाराचा नफा, कर एवढं सगळं वर चढून माल कच्च्या बदामाच्या खाली येतोच कसा? एवढा प्रश्न पडला तरी निम्मी फसवणूक टळते.

शेंगदाण्याचा हिशेब मी करून देतो. २०२५-२६ च्या हंगामाला भुईमूग शेंगांचा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये. शंभर किलो शेंगांतनं सत्तर किलोच्या आसपास दाणे निघतात. म्हणजे हमीभाव पुरा मिळाला असं धरलं तरी किलोभर दाण्यांचे शेतकऱ्याला १०४ रुपये पडतात. आता तुमच्या घरातल्या डब्यावरची किंमत बघा आणि मधला फरक तुम्हीच काढा. त्या फरकात भाजणी, दळण, बरणी, सगळं धरा. माझं म्हणणं फरक नको असं नाही. एवढा फरक घेऊन वर साखर नि पामतेल कशाला, हे माझं म्हणणं.

बदाम मोठा की भुईमूग

बदामाला मी नावं ठेवत नाही. ई जीवनसत्त्व बदामात शेंगदाण्याच्या तिप्पट, कॅल्शियमही जवळजवळ तिप्पट, चोथा जास्त. हे मान्य. पण प्रथिनं शेंगदाण्यात जास्त, बदामात एकवीसच्या आसपास. नायसिन आणि फोलेट ही ब गटातली जीवनसत्त्वंही शेंगदाण्यात जास्त. दोघांतली चरबी जवळपास सारखी आणि बहुतेक चांगल्या प्रकारची. म्हणजे दोन भावांत थोडं इकडं, थोडं तिकडं. भावात मात्र कितीतरी पटींचा फरक.

जगातल्या बदामातला ऐंशी टक्क्यांच्या घरातला माल एकट्या कॅलिफोर्नियात पिकतो आणि त्यांचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आपला देश आहे. खायचेच असतील तर खा, काश्मीरचे मिळाले तर ते घ्या, तिथला शेतकरीही आपलाच भाऊ. पण महिन्याचा किराणा मोजून भरणाऱ्या घरानं पोराच्या तब्येतीसाठी बदाम बटरच पाहिजे म्हणून ओढाताण करायची गरज नाही. आपल्याकडं एक सवयच झालीय, महाग ते पौष्टिक. उपासाला दाण्याची आमटी, भाजीला कूट, प्रवासाला दाण्याचा लाडू, हे खाऊन इथल्या पिढ्या राबल्या. वीणा गवाणकरांचं "एक होता कार्व्हर" घराघरात वाचलं गेलं. पीनट बटरचा शोध कार्व्हरांनी लावला असं सगळे म्हणतात, ते खरं नाही, त्यांच्या आधीच ते निघालं होतं. पण १९१६ साली त्यांनी शेंगदाणा खायच्या १०५ रीती छापून काढल्या, त्या गरीब शेतकऱ्याच्या घरासाठी. श्रीमंताच्या हौसेसाठी नव्हे.

खरा धोका दिसत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर कुणी बोलत नाही. बुरशी. पिवळट-हिरवी बुरशी दाण्यावर वाढली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तेव्हा खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीत हे विष निघालं. माणसाच्या यकृताला ते घातक आहे आणि भाजल्यानं पूर्ण जात नाही.

ही बुरशी कारखान्यात जन्मत नाही, रानात जन्मते. शेंगा भरायच्या वेळी पाण्याचा ताण पडला, वाळवी किंवा हुमणीनं शेंग पोखरली, काढताना फुटली, की बुरशी आत शिरते. काढल्यावर पाऊस लागला, ओली शेंग पोत्यात भरली, की ती वाढते. म्हणून वेल उपटले की उलटे घालायचे, शेंगा वर. शेंग हलवली की खुळखुळ वाजली पाहिजे, दाणा चोळला की साल सुटलं पाहिजे. मगच पोतं, आणि पोत्याखाली फळ्या, भिंतीपासून हातभर लांब.

आपल्यातलेच काहीजण वजन वाढावं म्हणून ओलसर शेंग विकतात. काही ठिकाणी दाणा फुटू नये म्हणून फोडणीच्या मशीनला घालायच्या आधी शेंगांवर पाणी मारतात. त्यांना हात जोडून सांगतो, हे बंद करा. दोन किलो वजनासाठी कुणाच्या तरी लेकराच्या पोटात विष घालताय.

आणि खाणाऱ्यांना सांगतो. आख्खा दाणा असला की काळा, सुरकुतलेला, किडका डोळ्याला दिसतो. विष बहुतेक अशाच दाण्यांत असतं. आपली आजी सुपात दाणे घेऊन बसायची आणि एकेक वेचून टाकायची, ते उगाच नव्हतं. पण दळल्यावर सगळं एका रंगाचं. वरनं साखर, चॉकलेट घातलं की कडवट चवसुद्धा लपते. म्हणून बटरमध्ये निवड हीच खरी किंमत. चांगल्या उत्पादकाला विचारा, दाणे कसे निवडता? या मालाची अफ्लाटॉक्सिन तपासणी झालीय का? अहवाल दाखवा. जो दाखवतो त्याला चार पैसे जास्त द्या. हे पैसे वाया जात नाहीत. असं गिऱ्हाईक वाढलं तर उद्या गिरणीवाला बाजारात येऊन म्हणेल, वाळलेली, निवडलेली शेंग कुणाची आहे, तिला भाव जास्त. आज तसा भाव कुणी देत नाही. वाळवून आणलेला माल आणि ओला माल एकाच ढिगात पडतो. मग शेतकरी तरी आठवडाभर उन्हात कशाला राबेल?

सगळ्यात चांगलं बटर घरचं

मंद आचेवर दाणे खमंग भाजा, काळे होऊ देऊ नका. गार झाले की चोळून सालं पाखडा. खराब दाणे वेचा. मिक्सरला थांबून थांबून फिरवा. आधी कूट होईल, मग गोळा होऊन भांड्याला चिकटेल. इथं बायाबापड्या घाबरून पाणी घालतात, अजिबात घालू नका, पाण्यानं नासतं. कडेचं खाली ढकला, मिक्सरला दम घेऊ द्या, परत फिरवा. तेल सुटून आपोआप सैल होतं. मीठ घाला, संपलं. बदामाचंही असंच, फक्त वेळ जास्त लागतो. कोरड्या बरणीत, कोरडा चमचा. महिनाभरात संपेल एवढंच करा. खवट वास आला की टाका, जीव अडकवू नका.

किती खायचं? मोठ्या माणसाला दिवसाला दोन चमचे पुष्कळ. त्यात दोनशेच्या जवळपास कॅलरी जातात, डबा घेऊन बसायचं काम नाही. ज्याला दाण्याची ॲलर्जी आहे त्यानं लांब राहायचं. अगदी लहान बाळाला घट्ट गोळा द्यायचा नाही, घशात अडकतो.

विकत घेताना एवढंच लक्षात ठेवा:

१. यादीत दाणे, फार तर मीठ. तिसरं नाव आलं की डबा खाली ठेवा.
२. वर तेल दिसलं तर घ्या, हलवून खा.
३. भाव कच्च्या दाण्यापेक्षा कमी असेल तर संशय घ्या.
४. भरल्याची तारीख ताजी बघा, उघडल्यावर खवट वास असेल तर परत करा.
५. निवड आणि तपासणी विचारा. जवळचा बचत गट असेल तर आधी त्याच्याकडं जा.

कंपन्यांना माझं सांगणं एवढंच. तुम्हाला मिठाई विकायची तर खुशाल विका, पण पुढच्या बाजूला "मिठाई" म्हणून लिहा. आमच्या शेंगेचं चित्र काढून साखर विकू नका. आणि दुकानदारांना सांगतो, तेल आलेली बरणी परत पाठवण्याआधी गिऱ्हाईकाला एक चमचा द्या आणि हलवून दाखवा. त्यात तुमचं काही जात नाही, पण गटातल्या दहा बायांची चूल पेटती राहते.

ज्यांना पटत नाही त्यांनी घरातला डबा उलटा करून यादी इथं लिहा. मग बोलू.

उद्या उन्हाळी भुईमुगाला जिप्सम कधी नि किती, ती नोंद टाकतो.